बांधाला फुटलेला घाम

घरात दोन जावा होत्या, आणि त्यांनी एकमेकींशी कामाचं काही बोलायचं नाही असा नियम होता. तो सासूनं घातलेला नव्हता. सासू केव्हाच वारली होती. नियम वीज केंद्राचा होता.

थोरली प्रणाली पिदुरकर ‘खैरझरी समाचार’ या जिल्ह्याच्या दैनिकात बातमीदार होती. धाकटी अस्मिता खैरझरीच्याच औष्णिक वीज केंद्रात स्थापत्य अभियंता होती. केंद्रात जळालेल्या कोळशाची राख पाण्यात कालवून पाइपानं ज्या तलावात सोडतात, त्या तलावाचा बांध अस्मिताच्या विभागाकडे होता. प्रणालीचा नवरा नागपूरला नोकरीला, शनिवार-रविवारी यायचा. अस्मिताचा नवरा निशांत गावातच पाटबंधारे खात्यात. घर एक, स्वयंपाकघर एक. एकीनं पोळ्या लाटायच्या, दुसरीनं भाजायच्या, असं करत पंधरा वर्षं गेली होती. एकीची पोरं दुसरीच्या अंथरुणात झोपून मोठी झाली होती.

वर्षभरापूर्वी केंद्रानं अस्मिताकडून लिहून घेतलं की घरात पत्रकार आहे आणि त्या व्यक्तीशी ती कामाबद्दल बोलणार नाही. तेव्हापासून ओट्यापाशी मीठ, गॅस आणि पोरांची शाळा एवढेच विषय उरले. मे महिन्यात एकदा अस्मिता कामावरून आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“बरं नाही का?” प्रणालीनं विचारलं.

“बरी आहे, ताई,” अस्मिता म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली. निवडलेली कोथिंबीर तिनं पुन्हा देठांत टाकली. प्रणालीनं ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर देण्या-न देण्याचं ओझं अस्मितावर पडलं असतं.

या सगळ्यामागे जे यंत्र होतं त्याला ‘उगमक’ म्हणत. ते आलं तेव्हा लोकांनी त्याचं स्वागतच केलं होतं. भरतीच्या परीक्षांचे पेपर फुटत होते, लाखो पोरांची वर्षं वाया जात होती, आणि फोडणारा सापडत नव्हता. उगमकानं तो पहिल्याच वर्षी शोधून दाखवला. कल्पना साधी होती. आपण एखादी गोष्ट सांगतो तेव्हा तिच्यावर आपला ठसा उमटतो. कोण आकडा पूर्ण करून सांगतो, कोण आधी शेवट सांगून मग सुरुवातीकडे येतो, कुणाच्या बोलण्यात ठरावीक उपमा असते. ती गोष्ट दुसऱ्यानं आपल्या शब्दांत लिहिली तरी हे ठसे पुरते पुसले जात नाहीत, जसा नदीच्या गाळात डोंगरावरचा दगड ओळखू येतो. उगमकाला संस्थेतल्या प्रत्येकाची वर्षानुवर्षांची पत्रं, संदेश, बैठकांतलं बोलणं खायला दिलेलं असे. शिवाय कुणी कोणता कागद उघडला, कोण कोणत्या दारातून केव्हा गेलं, हेही त्याला ठाऊक असे. त्याच्यापुढे छापलेली बातमी ठेवली की ते सगळ्या कर्मचाऱ्यांची नावं क्रमानं लावून देई. सर्वांत वर ज्याचं नाव, तो उगम.

पेपरफुटी थांबली. मग उगमक सरकारी दवाखान्यांत आला, नगरपालिकांत आला, वीज केंद्रांत, धरणांवर, पोलिसांत आला. वर्तमानपत्रांना कुणी हात लावला नाही. एकाही संपादकाला अटक झाली नाही, एकही ओळ कुणी खोडली नाही. पत्रकाराला त्याचा उगम विचारायचा नाही, असा कायदासुद्धा झाला. विचारायची गरजच उरली नव्हती.

‘समाचार’चे संपादक दिवाकर चटप सत्तरीला आले होते. त्यांनी आयुष्यभर दवाखान्यातल्या बायकांकडून, पोलीस ठाण्यातल्या कारकुनांकडून बातम्या ऐकल्या होत्या. आता त्यांच्या टेबलावरचा फोन फक्त वाढदिवसाच्या जाहिरातींसाठी वाजे.

“आपलं तोंड मोकळं आहे, प्रणाली,” ते एकदा म्हणाले. “त्यांनी आपले कान कापले.”

*

त्याच मे महिन्यात प्रणाली चिचघाटला गेली. चिचघाट म्हणजे राखेच्या तलावाच्या बांधाखाली वसलेली सत्तर-ऐंशी घरांची वस्ती. तिथं टँकर वेळेवर येत नाही अशी तक्रार होती, आणि टँकरची बातमी करायला कुणाला घाबरायचं कारण नव्हतं. बायका हंडे लावून बसल्या होत्या. त्यांतली मंदा कुमरे नावाची एक बाई तिला आपलं घर दाखवायला घेऊन गेली. घर अगदी बांधाच्या पायथ्याशी होतं. पाण्यासाठी रांग लावणाऱ्या या बाईच्या परसातली माती ओली होती.

“हे काय?” प्रणालीनं विचारलं.

“काय मालूम, बाई. लय दिवस झाले असंच हाय. सायेब लोक येतात, फोटो काढतात, जातात. विचारलं तर बोलत नाही कोणी.”

प्रणाली परसामागच्या झुडपांतून वर चढली. बांधाचा उतार उन्हानं तापला होता. मात्र मध्येच, घराच्या छपराएवढ्या उंचीवर, एक मोठा ओला डाग पसरला होता. तिनं हात लावला. तळवा गार आणि ओला झाला. डागातून स्वच्छ पाणी पाझरत होतं आणि गवतात उतरत होतं. ऐन मे महिन्यात तिथलं गवत हिरवं होतं.

तिनं फोटो काढले, ऑफिसात आली आणि जे पाहिलं ते लिहिलं. केंद्रातल्या कुणाशी बोलली नाही. बोलायला कुणी नव्हतंच. बातमी ठळक छापून आली: ‘चिचघाटच्या माथ्यावर बांधाला घाम’.

चटपांनी ती पुन्हा वाचली. “तुला कुणी काही सांगितलेलं नाही ना?”

“कुणीच नाही. मी डोळ्यांनी पाहिलं.”

“मग बरं आहे,” ते म्हणाले. “डोळे अजून आहेत म्हणायचे.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी अस्मिता घरी आली. ही तिच्या येण्याची वेळ नव्हती. तिनं चपला दारातच सोडल्या आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. तिचं ओळखपत्र गळ्यात नव्हतं.

“निलंबित केलं,” ती म्हणाली. “उगमकानं माझं नाव वर काढलं.”

प्रणालीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. “पण तू तर काहीच...”

“मी काहीच बोलले नाही. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे.” अस्मिताचा आवाज वर चढला नाही. “वर्षभर मी या ओट्यापाशी तोंड शिवून उभी राहिले, ताई. तुम्ही पाठीमागून गेलात तरी मला धडधडायचं. आणि तुम्ही लिहिलंत काय, तर बांधाला घाम.”

“मग?”

“तो माझा शब्द आहे.”

प्रणालीला एकदम आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी, श्रावणात, याच स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली होती, तेव्हा नवी नवरी असलेली अस्मिता म्हणाली होती, भिंतीला घाम फुटलाय. घरात सगळे हसले होते आणि मग सगळेच तसं म्हणायला लागले होते. पुढे अस्मितानं केंद्रातल्या अहवालांत, संदेशांत, बैठकांत तोच शब्द शेकडो वेळा वापरला होता. प्रणालीनं तो कधी उचलला हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तो घरातलाच होता. पोळीची चव जशी दोघींची एक झाली होती, तशी भाषाही झाली होती, आणि यंत्रानं ती बरोबर ओळखली होती.

संध्याकाळी निशांतला कळलं. तो प्रणालीपुढे येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “वहिनी, तुम्ही उद्या केंद्रात जा. सांगा त्यांना.”

*

केंद्राचे दक्षता अधिकारी देशकर अतिशय सभ्य गृहस्थ होते. त्यांनी प्रणालीला खुर्ची दिली, चहा मागवला.

“आम्ही तुम्हाला उगम विचारणार नाही,” ते म्हणाले. “कायद्यानं बंदी आहे.”

“मी आपणहून सांगायला आले आहे. मला कुणी काही सांगितलं नाही. मी टँकरच्या बातमीला गेले होते. ओल दिसली, ती लिहिली.”

देशकरांनी मान डोलावली. समोरचा पडदा तिच्याकडे वळवला. नावांची लांब यादी होती. सर्वांत वर अस्मिता पिदुरकर. तिच्या नावापुढची पट्टी बाकीच्यांपेक्षा कितीतरी लांब.

“यात ‘कुणीच नाही’ असं कुठं आहे?” प्रणालीनं विचारलं.

“तसं नसतं. उगमक माणसं शोधतो. बातमी आहे म्हणजे कुणीतरी सांगणारा असणारच, हे गृहीतच आहे. नाहीतर यंत्राला कामच काय?”

“मग तुम्ही बांध बघितलात का? ओल आहे की नाही?”

“तो माझा विभाग नाही.” त्यांनी चहाचा कप तिच्याजवळ सरकवला आणि आवाज खाली आणला. “तुमच्या जाऊबाईंचं मला वाईट वाटतं. एक मार्ग आहे. तुम्ही दुसरं नाव सुचवलंत, अगदी नुसतं सूचक बोललात, तरी यंत्र हिशेब नव्यानं मांडतं. या यादीत पुष्कळ लोक आहेत. त्यांतले काही निवृत्तीला आलेत. त्यांना फारसा त्रास होणार नाही.”

यादीत कुणाचं नाव कुठल्या घरातलं आहे हे प्रणालीला बरंचसं माहीत होतं. गाव लहान होतं. तिचं लक्ष एका नावावर गेलं, मग दुसऱ्या. आपण निवडतोय हे लक्षात येताच तिनं नजर काढून घेतली. ती चहा तसाच ठेवून उठली.

घरी निशांत दारातच वाट बघत होता. तिनं झालं ते सांगितलं.

“एक नाव तर द्यायचं होतं, वहिनी,” तो म्हणाला.

“खोटं?”

“हिचं नाव तरी कुठं खरं आहे?” त्यानं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. “उद्या मलाही बोलावतील. पाटबंधाऱ्यात पण तेच यंत्र आहे. घरातून गळती, असा शेरा लागला की संपलं. पोरांचं काय करायचं?”

त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही.

*

सकाळी प्रणाली कणीक भिजवत होती. अस्मिता येऊन तिच्याशेजारी उभी राहिली, पोळपाट ओढून घेतला आणि लाटायला लागली. दोन पोळ्या झाल्यावर ती बोलली.

“ताई, तुम्ही जी ओल पाहिलीत ती भीतीची गोष्ट नाही. भीतीची गोष्ट वेगळी आहे.”

प्रणालीचा हात कणकेत थांबला. “नको सांगू.”

“न बोलण्याची शिक्षा झाली आहे मला. मग आता बोलूनच घेते.”

मग तिनं सांगितलं. बांध मातीचा आहे. तलावातलं थोडं पाणी बांधाच्या पोटातून झिरपणारच. ते खाली वाळूच्या थरातून निघून जावं अशी रचना असते. गेल्या हिवाळ्यापासून तो वाळूचा थर बारीक राखेनं बुजत चालला आहे. पाण्याला खालची वाट मिळत नाही, म्हणून ते बांधाच्या पोटात वर चढतंय. बांधात बसवलेल्या नळ्यांमधली पाण्याची पातळी दर आठवड्याला वर जाते आहे. पाझरणारं पाणी स्वच्छ असेल तोवर धीर धरता येतो. ते गढूळ झालं की समजायचं, पाणी आता बांधाच्या आतली माती घेऊन बाहेर पडतंय. तिथून पुढे बांध आतून पोखरला जातो, आणि मग फार वेळ मिळत नाही.

“यावर उपाय?”

“तलावात राख सोडणं थांबवायचं. म्हणजे वीज बनवणारे दोन संच बंद. मे महिन्यात, सगळा महाराष्ट्र पंखे लावून बसलेला असताना.” तिनं पोळी तव्यावर टाकली. “मी वर लिहून दिलं होतं. विभागात सगळ्यांना माहीत आहे. वरच्यांनाही माहीत आहे. आम्ही बैठकीत एकमेकांकडे बघतो आणि गप्प बसतो. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी सांगावं आणि यादीत त्याचं नाव वर यावं.”

“चिचघाटच्या लोकांना?”

अस्मितानं पोळी उलटली. ती करपली होती.

“माझं नाव घालून छापा,” ती म्हणाली. “हुद्द्यासकट.”

चटपांनी मजकूर वाचला तेव्हा चष्मा काढून डोळे पुसले. “हिची नोकरी गेली. खटलाही होईल.”

“तिला माहीत आहे.”

“तुझ्या घरात राहते ती,” चटप म्हणाले. “तुला झोप लागेल?”

“आत्ता तरी कुठं लागते?” प्रणाली म्हणाली.

*

बातमी आली त्याच सकाळी केंद्रानं लोकांच्या फोनवर खुलासा पाठवला: बांध पूर्ण सुरक्षित आहे; निलंबित कर्मचाऱ्यानं सूडबुद्धीनं केलेल्या आरोपांवर विश्वास ठेवू नये. दोन्ही जावा चिचघाटला पोहोचल्या तेव्हा वस्तीत दोन तट पडले होते. काहींनी भांडीकुंडी ट्रॅक्टरवर चढवली होती. बरेच जण पारावर बसून फोन बघत होते.

अस्मिता कुणाशी न बोलता मंदाच्या परसातून वर चढली. प्रणाली मागे होती. डाग पसरून दुप्पट झाला होता. अस्मितानं ओंजळ धरली, पाणी साचू दिलं आणि उजेडात धरलं. ते करड्या रंगाचं होतं. तिनं ओंजळ प्रणालीला दाखवली. पाणी गळून गेलं, बोटांना मात्र माती चिकटून राहिली.

ती उतारावरून जवळजवळ घसरतच खाली आली आणि पारासमोर उभी राहिली. “निघा. सामान राहू द्या. शाळेच्या टेकडीवर चला.”

लोक तिच्याकडे बघत राहिले. मंदानं विचारलं, “तुम्ही कोण?”

“मी या बांधाची इंजिनियर आहे.”

मंदानं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “मंग येवढे दिवस कुठी होत्या तुम्ही?”

अस्मिता तशीच उभी राहिली, ओले, मातीनं माखलेले हात पुढे धरून. बहुधा ते हात बघूनच लोक उठले. मंदानं शेळ्या सोडल्या, पोरांना पुढे घातलं. घराघरांतून माणसं निघाली. पण काही निघाली नाहीत. मंदाची सासू म्हणाली, सरकारनं फोनवर लिहून पाठवलंय, सरकार खोटं कशाला बोलेल? ती खाटेवरून हलली नाही. मंदा तिच्यासाठी दोनदा परत गेली.

दुपार कलायच्या सुमाराला बांध फुटला. मोठा आवाज झाला नाही. टेकडीवरून दिसलं ते एवढंच की ओल्या डागाची जागा आत बसली, आणि मग त्या खळग्यातून करडा चिखल हळू, जड, सलग असा बाहेर यायला लागला. तो पाण्यासारखा उसळत नव्हता. त्यानं परसं भरली, दारं भरली, छपरं भरली. टेकडीवर कुणी रडत नव्हतं. सगळे आपापली माणसं मोजत होते. मंदा एकटीच खाली बघत उभी होती. तिच्या घराचं छप्पर बुडेपर्यंत तिनं नजर हलवली नाही.

सात माणसं गेली. अस्मितानं तोंड उघडलं नसतं तर किती गेली असती, याचा हिशेब पुढे चौकशीत कुणी मांडला नाही.

*

चौकशी पावसाळाभर चालली. विभागातल्या प्रत्येक अभियंत्यानं कबूल केलं की त्याला पातळी चढल्याचं माहीत होतं. का बोलला नाहीत, असं विचारल्यावर सगळ्यांनी खाली बघितलं. अहवालात दोष साचलेल्या राखेवर आणि वाळूच्या थरावर आला. अस्मिताची नोकरी गेली. ती आता पोरांच्या शिकवण्या घेते. ती आणि प्रणाली ओट्यापाशी हवं ते बोलू शकतात, पण अजूनही बोलता बोलता एकदम थांबतात. निशांत त्या दोघी एकत्र असल्या की घरात थांबत नाही.

अहवालाला एक परिशिष्ट होतं, ते प्रणालीनं वाचलं. त्यात उगमकाच्या कामगिरीची नोंद होती. पहिल्या बातमीनंतर यंत्रानं वर्तवलेलं नाव आणि प्रत्यक्ष माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याचं नाव एकच निघालं होतं. निष्कर्ष अचूक, असा शेरा होता. त्याच्या आधारावर यंत्र आणखी खात्यांना देण्याची शिफारस केलेली होती.

दिवाळीनंतर एके दिवशी भर दुपारी ‘समाचार’च्या ऑफिसात एक माणूस आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पायांत साध्या चपला. चटप बाहेर गेले होते. तो प्रणालीच्या टेबलापुढे उभा राहिला, बसला नाही.

“चिचघाटची बातमी तुम्हीच दिली होती ना?”

“हो. बसा.”

“मला एक सांगायचं होतं.” त्यानं ओठ ओले केले. “माझं नाव बाहेर येईल का?”

नाही, असं म्हणणं सोपं होतं. पूर्वी ती तसंच म्हणत असे, आणि ते खरं असे. तिला अस्मिताच्या करपलेल्या पोळीची, मंदाच्या नजरेची आठवण झाली. या माणसाला आपण खोटं बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं.

“मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “पण ते शोधतील. तुम्ही काही सांगितलं नाहीत तरी कदाचित शोधतील. घरी बोलून या. मी वाट बघते.”

त्यानं दाराकडे पाहिलं. घरी कोण कोण आहे याचा विचार करत असावा. मग “येतो मी” असं म्हणून वळला. जाताना त्याच्या खिशाला लावलेलं ओळखपत्र तिला दिसलं. नाव वाचता आलं नाही, खातं वाचता आलं: नगरपालिका, जलशुद्धीकरण केंद्र.

जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली जात राहिला. तिनं खिडकीशी धावत जाऊन पाहिलं, तोवर तो बाजाराच्या गर्दीत मिसळला होता. तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही.

तो येऊन गेला त्याच संध्याकाळी, घरी आल्यावर तिनं नळाखाली पेला धरला होता. पाणी भरलं. तिनं ते उजेडात धरून पाहिलं. स्वच्छ दिसत होतं. बाजूच्या खोलीत पोरं अभ्यासाला बसली होती, आणि त्यांतल्या कुणीतरी पाणी मागितलं.